शोभेच्या ऋषींची हजामत

तीर्थस्वरूप वन्संना,

आधी हात धुऊन आले, मग पेन हातात घेतलं, आणि आता वाकून नमस्कार करते. (नखांत थोडी माती राहिलीच होती. कागदाच्या कोपऱ्यावर डाग दिसेल तो तिचा, चहाचा समजू नये.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना डावा पाय आधी टाका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तो टाकता की घाईत विसरता? नवीन चष्म्याने अक्षर सुटं दिसतं का? दिसत नसेल तरी हे पत्र सूनबाईंकडून वाचून घेऊ नका. खिडकीशी उजेडात बसून सावकाश स्वतःच वाचा, कारण मजकूर घरातला आहे आणि मधून मधून तुमच्या बंधूंविषयी आहे. इकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक. बंधूंचा खोकला गेला, भूक चांगली आहे, बोलणं तर आहेच. माझंही समाधानाने चाललं आहे, आणि ते कसं हेच सांगायला बसले आहे. उशीर झाला त्याबद्दल रागावू नये. मध्यंतरी सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि नंतर जे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

मागच्या खेपेला तुम्ही निघालात तेव्हा रिक्षा दाराशी उभी, रिक्षावाला भोंगा वाजवतोय, आणि तुम्ही माझ्या मुठीत एक बियांचं पाकीट कोंबलंत. तुझ्याकडे ऊन भरपूर आहे, तिथे लाव, एवढंच म्हणालात. कसलं बी ते सांगायला रिक्षावाल्याने उसंत दिली नाही. (त्याने नंतर तुमच्याकडून जास्त पैसे घेतले असणार. घाई करणारे सगळे घेतात.) पाकीट मी डाळीच्या डब्यावर ठेवलं, म्हणजे रोज डोळ्यांसमोर राहील. ते डोळ्यांसमोर राहिलं, आणि खिडकीतल्या उन्हाने त्याच्यावरचं फुलाचं चित्र पार पुसट होऊन गेलं. पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ या पुसट चित्रात आहे, माझ्या अकलेत नाही, हे आधीच नमूद करते.

आता आमच्या घरापुढची पट्टी तुम्हाला ठाऊक आहे. फाटकापासून पुढच्या खोलीच्या खिडकीखालपर्यंत, एक पलंग आडवा टाकला तर संपेल एवढी रुंद. उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत तिथलं ऊन हलत नाही. ओली चादर टाकून आत येऊन हात पुसावेत तोवर ती वाळलेली असते. या पट्टीवर तुमच्या बंधूंचा डोळा होता. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जी जुनी गाडी घेतली (चालवतात कमी, पुसतात जास्त), तिचा रंग उन्हाने उडतो म्हणून तिथे फरशी घालायची, चार खांब उभे करायचे आणि वर पत्रा टाकायचा, असा त्यांचा बेत. म्हणजे पुढच्या खोलीत दिवसाढवळ्या अंधार. मला पोथी वाचायला दुपारी दिवा लावावा लागणार, आणि दिव्याचं बिल गाडी भरणार नाही. पण वन्सं, तुमच्यापाशी खरं ते लिहिते. बिलाचं मी त्यांच्यासमोर बोलले, कारण बिल त्यांना कळतं. माझ्या मनात वेगळंच होतं. लग्न झाल्यापासून बदल्यांपायी भाड्याच्या घरांत राहिलो. कुंडीत काही लावावं, ते अंग धरायला लागावं आणि बदलीचा कागद यावा, की कुंडी शेजारणीला देऊन मी आपली ट्रंका बांधतेय. आयुष्यात पहिल्यांदा एवढीशी जमीन अशी मिळाली, जिथून मला कोणी उठवणार नाही. आणि तीही आता गाडीला द्यायची.

मी अबोला धरला. तुमच्या बंधूंना अबोला आवडतो हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला, म्हणून मग मी बोलायला लागले. तेव्हा कुठे ते टेकीला आले. वर्तमानपत्राची घडी करून म्हणाले, "हे बघ, गवंडी थंडी सरल्यावर मोकळा होतोय. तोवर काय लावायचं ते लाव. तो येईल त्या दिवशी मला माझ्या खुर्चीत बसल्या बसल्या खिडकीतून फूल दिसलं, तर पट्टी तुझी. नाही दिसलं, तर फरशी." खुर्ची म्हणजे ती खिडकीजवळची, हातांची. ती त्यांच्याशिवाय कोणी वापरत नाही, पाहुणेसुद्धा तिच्या बाजूने वळसा घालून जातात. मी कबूल झाले.

मग पाकीट हातात घेतलं. वर इंग्रजीत छापलेलं: ऑर्नामेंटल सेज. मी मॅट्रिक झालेली बाई आहे. इंग्रजीत फार गुण नव्हते, पण होते ते स्वतःचे होते. शेजारी मास्तरीणबाई राहतात (भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या), त्यांना विचारता आलं असतं. पण त्या एकदा माझ्या वाणसामानाच्या यादीत बुधवारचं इंग्रजी स्पेलिंग बघून हसल्या होत्या, तेव्हापासून मी त्यांच्याकडून साखर आणते, विद्या आणत नाही. शाळेतली डिक्शनरी काढली. तिची पहिली बरीच पानं वाळवीने खाल्लेली आहेत, पण नशिबाने मला लागणारी शाबूत होती. ऑर्नामेंटल म्हणजे शोभेचा. आणि सेज म्हणजे ऋषी, मुनी, ज्ञानी पुरुष. पुढे आणखी काही बारीक अक्षरात होतं, पण ऋषी सापडल्यावर पुढे वाचत बसणं मला बरं दिसलं नाही.

म्हणजे शोभेचा ऋषी. मला आधी वाटलं, ऋषी आणि शोभेचा हे कसं? मग आठवले आपल्या नात्यातले दोन-तीन जण, आणि म्हटलं असतील. खाली लिहिलं होतं की पूर्ण ऊन लागतं. जुळलं. उन्हात बसून तप करणारच. आणि त्याच्याखाली दोन शब्द ठळक अक्षरात: पिंच अर्ली. आता पिंच म्हणजे चिमूट, हे काही मला डिक्शनरीत बघायला नको. केकच्या पुस्तकात मिठाची पिंच, सोड्याची पिंच असं पानोपानी असतं. अर्ली म्हणजे लवकर. सकाळी लवकर एक चिमूट. कशाची, ते लिहिलेलं नव्हतं. तुमचे बंधू म्हणाले, मिठाची असेल. त्यांना झाडं मरायलाच हवी होती, म्हणून तिकडे लक्ष दिलं नाही. आणि वन्सं, समोर ऋषी बसलेला असताना चिमूट कशाची हे छापून सांगायला हवं का? मी देवापुढच्या उदबत्तीची राख एका डबीत साठवायला घेतली.

बी मोहरीपेक्षा बारीक. फुटक्या बादलीत पेरलं, रोपं हातभर होण्याआधी पट्टीत ओळीने लावली. काही विकत आणलं नाही. जमाखर्चाच्या वहीत 'बाग' असा नवा रकाना पाडला होता, तो कोराच राहिला, इतका कोरा की मी रोज उघडून बघायची. आणि मग सेवा सुरू केली. रोज देवाचं झालं की अनवाणी बाहेर यायचं (ऋषींसमोर चपला घालून वावरायचं नाही), प्रत्येकाला पोटभर पाणी, प्रत्येकाच्या डोक्यावर एक चिमूट राख, मग हात जोडायचे. दूधवाला त्याच वेळी येतो. त्याने पहिले काही दिवस पाहिलं, मग सायकल टेकवून तोही हात जोडायला लागला. काय आहे, कशासाठी आहे, काही विचारलं नाही. श्रद्धा म्हणतात ती याला. दुपारी तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ धुतलेलं पाणी, चहाचा चोथा, भाजीची देठं कुजवून, जे जे म्हणून घरातून फुकट निघेल ते सगळं ऋषींच्या पायाशी. पट्टीत भांडायचं नाही असाही नियम केला. तुमच्या बंधूंना काही सुनवायचं असलं की मी त्यांना आधी आत बोलवायची. ते म्हणाले, तुझे ऋषी बरे, एवढं ऐकून घेतात आणि उलटून बोलत नाहीत, असा जावई शोधायला हवा होता.

आणि ती वाढली हो. अशी वाढली की विचारू नका. पान मखमली, चुरडलं तर सर्दीच्या मलमासारखा वास. दांडी बोटांत फिरवून बघितली तर चौकोनी, पेन्सिलीला कोपरे काढावेत तशी. पण उंचच्या उंच, एकेक बारीक काडी, वर पानांचा झुबका आणि फुलाचा पत्ता नाही. वारा आला की सगळी एका बाजूला कलंडायची. पाऊसपाण्यात मोडलेल्या छत्रीच्या काड्या मी टाकून दिल्या नव्हत्या (मी काहीच टाकत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे, बंधूंना अजून पटलेलं नाही), त्यांचे टेकू दिले. खालून पानं पिवळी पडून गळायला लागली. पिवळी पानं तोडावीत असं मनात यायचं, पण ऋषीच्या जटेला कात्री लावायची माझी छाती होईना. तर अशा जटा वाढलेले, अंगाला राख फासलेले, काठीच्या आधाराने उभे असलेले ते सगळे खिडकीच्या उंचीपर्यंत आले, आणि तुमचे बंधू खुर्चीत बसून बघत आणि म्हणत, पानं दिसली, जटा दिसल्या, फूल काही दिसत नाही. गवंडी शेजारच्या गल्लीत काम करत होता. त्याच्या थापीचा आवाज आला की माझा जप चुकायचा.

इथे न्हावीदादा येतात. ते महिन्यातून एका रविवारी घरी येऊन बंधूंचे केस कापतात. घरात केस पडू नयेत म्हणून खुर्ची (दुसरी, लोखंडी) पट्टीत टाकायची, असा माझाच नियम. त्या रविवारी मी आत देवापाशी होते. बाहेर पेट्रोलच्या भावावर दोघांचं जोरात चाललेलं ऐकू येत होतं आणि कात्रीची कचकच. कचकच जरा जास्त वेळ चालली आहे असं वाटलं, कारण बंधूंच्या डोक्यावर आता तेवढं काम राहिलेलं नाही. मी चहा घेऊन बाहेर आले. बंधू गळ्याला पांढरं कापड बांधून, चष्मा काढून, डोळे मिटून बोलत होते. आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना माझे सगळे ऋषी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गुडघ्याएवढ्या उंचीवर एका मापात भादरलेले. खाली जटांचा ढीग, त्यात बंधूंचे चार पांढरे केस. न्हावीदादा माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "वहिनी, मानेला टोचत होते, म्हणून हातासरशी घेतले. मागून गोल करू का?"

मी तशीच मागे वळले. चहा परत आत नेला, आणि वाया जाऊ नये म्हणून दोन्ही कप मीच प्यायले. माझा चेहरा बघून न्हावीदादांनी पेटी उचलली आणि ते गेले ते गेलेच. बंधूंची उजवी बाजू झाली होती, डावी राहिली होती. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन पुरी करून येईपर्यंत ते डोक्याला मफलर गुंडाळून बसले होते. (न्हावीदादांना आधीच दिलेले पैसे वहीत 'केस' खाली लिहावेत की 'बाग' खाली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.) पण एक सांगते वन्सं, ते हसले नाहीत. फरशी आता नक्की झाली होती, त्यांना हसायला हरकत नव्हती. उलट ढीग झाडून त्यांनीच उचलला, आणि मला येऊन म्हणाले की तो माणूस मूर्ख आहे. मी म्हटलं, मूर्ख नाही, त्याचा हातच तसा. डोक्याएवढ्या उंचीवर काही वाढलेलं दिसलं की त्याच्याने राहवत नाही.

मी मात्र पट्टीत पाऊल टाकायचं बंद केलं. कोणत्या तोंडाने जाणार? ऋषींची हजामत आपल्या दारात झाली. शाप कधी लागतो याची मी वाट बघत होते, आणि त्याच संध्याकाळी दूध उतू गेलं, तेव्हा म्हटलं सुरू झालं. देवापाशी रोज माफी मागायची, पण बाहेर जायची नाही. पाणी नाही, तांदळाचं धुवण नाही, राख नाही. मागच्या दाराने जायची आणि मागच्या दाराने यायची. मनातून मी त्या जमिनीवर पाणी सोडलं होतं. (खरं पाणी सोडत नव्हते तेव्हाच.) दूधवाला तेवढा पुढून यायचा आणि त्या खुंटांना हात जोडायचा. असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी तो मागच्या दाराशी दूध मापता मापता अगदी हळू, घरात बाळंतीण असल्यासारखा म्हणाला, "वहिनी, ऋषींना पोरं झाली की."

जाऊन बघते तो काय, जिथे जिथे कात्री लागली होती त्या प्रत्येक ठिकाणाहून दोन दोन कोंब. एका काडीची झुडपं झालेली, गुटगुटीत, कोणाला टेकू नको. माती सुकून भेगाळली होती आणि झाडं मात्र टवटवीत. मग कळ्यांचे तुरे आले. निळे आधी, पिठात बोट बुडवून काढावं तसे धुरकट निळे. मग लाल, पाकिटावर लाख लावतात तसले लाल, बघून डोळे दिपावेत असे. दोन ओठ उघडून काहीतरी सांगू बघतंय असं एकेक फूल. उन्हं चढली की मधमाश्या एवढ्या की पुढच्या खोलीत शिवणयंत्र चालू ठेवल्यासारखा आवाज. मी उन्हात उभी राहून बघत बसले. डोक्यावर ऊन लागलं तरी कळलं नाही.

मास्तरीणबाई साखर मागायला आल्या (यावेळी त्या आल्या), आणि मी रोपांची ओळख म्हणून काठीला अडकवून ठेवलेलं पाकीट त्यांनी वाचलं. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच वाचलं, हे ध्यानात असू द्या. कसं काय लावलंत म्हणून त्यांनी विचारलं, आणि मी सगळं सांगितलं, राखेसकट. त्या पायरीवर बसल्या त्या हसून हसून उठेनात. सेज हे एका झाडाचंच नाव आहे म्हणे. आणि पिंच अर्ली म्हणजे शेंडे लवकर खुडा, म्हणजे फुटवे येतात. पाणी बेताचं, खत जवळपास नकोच. वन्सं, म्हणजे न्हावीदादांनी पाकिटावर लिहिलं होतं तेवढंच केलं, आणि मी रुसून बसले ती खरी निगा झाली. मला हसू आलं. पण वाईट नाही वाटलं. कोणीतरी या झाडाला ऋषी म्हटलं असेल ते उगाच नाही. उपाशी ठेवलं, मुंडन केलं, उन्हात बसवलं, तेव्हा फुललं. शोभेचं म्हणणाऱ्यानेच नीट पाहिलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, झालं, फुलं आली, पट्टी मिळाली. तिथेच तर घोडं अडलं. ज्या दिवशी मास्तरीणबाई हसून गेल्या त्याच संध्याकाळी गवंड्याने फाटकाशी विटा आणि वाळू आणून टाकली, उद्या सकाळी येतो म्हणाला. मी बंधू फिरायला गेलेले बघून त्यांच्या खुर्चीत बसून पाहिलं. समोर कुंपणाची भिंत आणि गाडीचं टप. फूल एक नाही. झुडपं गुटगुटीत झाली, पण खिडकीच्या कट्ट्याच्या खाली राहिली होती. कात्रीने फुलं दिली आणि उंची नेली. थोडं उठून पाहिलं, अगदी वीतभर, तर सगळी पट्टी लाल-निळी दिसत होती. परत बसले, भिंत. परत उठले, फुलं. असं मी किती वेळ केलं कोणास ठाऊक, गुडघे दुखले तेव्हा थांबले.

सकाळी देवापुढे बसले. अट काय होती ते देवाला शब्दाला शब्द सांगितलं: त्यांच्या खुर्चीत बसल्या बसल्या खिडकीतून. खुर्ची किती उंचीवर असावी याबद्दल एक अक्षर नव्हतं. यात लबाडी होते का, असं स्पष्ट विचारलं. देव काही बोलला नाही. हरकत असती तर बोलला असता. मग मी फाटकाशी जाऊन विटा आणल्या आणि खुर्चीच्या चारी पायांखाली दोन दोन ठेवल्या. खुर्ची डुगडुगू नये म्हणून एका विटेखाली डिक्शनरीचं वाळवीने खाल्लेलं पुठ्ठ्याचं कव्हर घातलं.

बंधू चहा आणि वर्तमानपत्र घेऊन आले. गवंडी टेप घेऊन दारात उभा. बंधू नेहमीसारखे मागे न बघता बसायला गेले आणि खुर्ची त्यांना अपेक्षेच्या आधीच भेटली. मग त्यांनी थोडी उडी घेतली, बसले, आणि त्यांचे दोन्ही पाय जमिनीपासून वर लोंबकळायला लागले, पहिलीतल्या मुलासारखे. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून जप करत होते. कोणाचा करत होते ते देवालाच माहीत. बंधूंनी पेपर उघडला. पेपरवरून खिडकीबाहेर पाहिलं. ऊन नुकतंच झाडांवर आलं होतं. ते पाहतच राहिले. चहा पिता पिता पाहत होते, पेपरचं पान काही उलटलं नाही. तेवढ्यात गवंड्याची नजर खाली गेली आणि तो म्हणाला, "साहेब, या माझ्या विटा."

बंधूंनी खाली पाहिलं नाही. म्हणाले, "असू देत. त्या आता इथे लागणार आहेत." आणि चहाचा घोट घेऊन, "न्हाणीघरातली फरशी उखडलीय बघा मागे. तेवढी बदलून टाका."

मी आत गेले आणि कांदा चिरायला घेतला, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला कारण मिळालं. खुर्ची अजून विटांवरच आहे. उतरवू का असं मी दोनदा विचारलं, नको म्हणाले. पायाखाली तेलाचा रिकामा डबा दिलाय. गाडी बाहेर उन्हात उभी असते, जुन्या चादरीखाली. तिचा रंग आणखी उडाला, आणि चादरीचाही, पण कोणी काही बोलत नाही. न्हावीदादांनाही मी बोलावून घेतलं, चहा दिला, झाल्या गोष्टीबद्दल आभार मानले. ते म्हणाले, पुढच्या वेळी बाजूने थोडं हलकं करू. मी म्हटलं, ह्यांचं करा. न्हाणीघराच्या फरशीचे पैसे वहीत लिहिताना मला पहिल्यांदाच खर्चाचं दुःख झालं नाही. सकाळी उठावं, देवाचं करावं, अनवाणी बाहेर जाऊन त्या चौकोनी दांड्यांवरून हात फिरवावा, वास घ्यावा. याहून काय हवं? मला तरी काही नको. समाधान आहे.

तुम्हाला मोठा नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद, आणि डावा पाय आधी.

तुमची मातीत हात घातलेली,
धाकटी भावजय

ता. क. समाधान आहे असं वर लिहिलं आहे ते खरंच आहे, पण एक बारीकसं मागणं होतं. तुमच्या बंधूंना बागेचा नाद लागलाय. पहाटे माझ्या आधी उठून ते पट्टीत असतात. शेंडे खुडायचे कळल्यापासून हातातून कात्री सुटत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून 'माझे सेज' दाखवतात, लॅटिन नाव सांगतात, आणि परवा मी एक निळा तुरा देवासाठी तोडला तर विचारून तोडत जा म्हणाले. मी, ज्या पट्टीसाठी विटा उचलल्या त्या पट्टीत, उभी राहायला जागा शोधते आहे. तेव्हा गुडघ्याचं कारण काढून तुम्ही त्यांना एक पंधरा दिवस तुमच्याकडे बोलावून घ्या. तुम्ही बोलावलंत तर ते नाही म्हणणार नाहीत. तुमच्या गॅलरीत ऊन नाही, कात्री चालवायला काही नाही. तेवढ्यात माझे शेंडे वाढतील.

ता. क. पंधरा दिवस फार होतात. आठ पुरे. ते नसले की मला दोघांचा स्वयंपाक करायची सवय मोडत नाही आणि अन्न उरतं.

ता. क. पत्र टाकायला त्यांच्याच हाती देते आहे, पेटी त्यांच्या फिरण्याच्या वाटेवर आहे. पाकीट भाताच्या शिताने चिकटवलंय, नीट बसलं नसेल तर समजून घ्या.

*

ताई, शीत नीट बसलं नव्हतं. तुझा गुडघा दुखतो हे वाचून वाईट वाटलं. अशा वेळी बाईमाणूस जवळ हवं, मी येऊन काय करणार? मला बोलावू नकोस, हिलाच बोलाव. तिने बरेच दिवस विश्रांती घेतलेली नाही, आणि लाल तुऱ्यांची छाटणी ती असताना मला नीट करता येत नाही. पंधरा दिवस, आठ दिवस असलं काही मात्र नको. दोन दिवस पुरे. मला चहा येत नाही. — तुझा भाऊ